तबकडीची दुसरी बाजू

जन्मभर खडू हातीं धरलेल्या मास्तरानें रॉक अँड रोलवर बोलावें, ह्याचें आपणांस नवल वाटेल. तथापि ह्या संगीताचा डंका ज्या गाण्यानें जगभर वाजला, त्याचें भाग्य शाळेच्याच एका कथेमुळें उजळलें. म्हणून हें धाडस.

तें गाणें म्हणजे बिल हेली व त्याचे साथीदार 'कॉमेट्स' ह्यांचें 'रॉक अराउंड द क्लॉक'. १२ एप्रिल १९५४ रोजीं न्यूयॉर्कमध्यें तें मुद्रित झालें. त्या बैठकीचा बहुतेक वेळ दुसऱ्याच एका गाण्यांत खर्ची पडला व ह्याच्या वांट्यास उरलीसुरली घटका आली. तबकडीच्या मुख्य बाजूस तें दुसरें गाणें आणि हें मागें! पहिल्या वर्षीं त्याचा फारसा बोलबाला झाला नाहीं.

१९५५ सालीं 'ब्लॅकबोर्ड जंगल' हा चित्रपट आला. उनाड मुलांच्या शाळेंत आलेल्या मास्तराची ती कथा. मास्तराचें काम करणाऱ्या ग्लेन फोर्डच्या मुलाजवळ ही तबकडी होती. तिच्यांतलें गाणें चित्रपटाच्या आरंभींच घातलें गेलें आणि तेंच गाणें, एक स्वरही न बदलतां, जुलैमध्यें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर चढून आठ आठवडे तेथेंच राहिलें.

ह्याच चित्रपटांत एक शिक्षक जपून ठेवलेल्या जॅझच्या तबकड्या मोठ्या हौसेनें वर्गांत आणतो आणि मुलें त्या फोडून टाकतात. तो प्रसंग पाहून माझ्या पोटांत कालवलें. परंतु गंमत अशी कीं, हेलीचें गाणें मुद्रित करविणाऱ्या मिल्ट गॅब्लरनें १९४० नंतरच्या दशकांत लुई जॉर्डन ह्या कृष्णवर्णी कलावंताचीं गाणीं मुद्रित केलीं होतीं. तो उसळता ताल तेथूनच आला, आणि जॉर्डनचें संगीत जॅझच्याच अंगणांत वाढलेलें. म्हणजे मुलांनीं जें फोडलें, तें त्यांच्या लाडक्या तालाचें आजोळच होतें! हें त्यांस सांगणारा कोणी नव्हता. आणि त्यांचा ताल ऐकून घेणाराही नव्हता.

मीही असाच एक. बाकावर बोटांनीं ताल धरणाऱ्या एका विद्यार्थ्यास मीं एकदां तासभर वर्गाबाहेर उभें केलें. त्याचा ताल अचूक होता, हें मला तेव्हांच कळलें होतें. परंतु तसें मीं त्यास कधींच सांगितलें नाहीं.

ह्या गाण्याच्या मध्यावर विजेसारखी चमकून जाणारी गिटार आहे. ती वाजविणारा डॅनी सेड्रोन. मुद्रणानंतर दोन महिने नुकतेच लोटले होते तोंच, १७ जून १९५४ रोजीं, जिन्यावरून पडून तो निवर्तला. पुढें जगानें केलेलें कौतुक त्याच्या कानीं पडलें नाहीं.

श्रोतेहो, कौतुकाला उशीर झाला म्हणजे तें असें अनाथ होतें. आपल्या घरांत उद्यां कोणी टेबलावर ताल धरला, तर अवश्य रागवा. परंतु आधीं क्षणभर ऐका, आणि ताल अचूक असेल तर तसें सांगून मग रागवा.