पाळणाघराचा जुना रंग



50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने बंधनकारक झाली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरपासून घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाला दशलक्षात 90 भागांची मर्यादा आली. परंतु हा नियम नव्या डब्यातील रंगापुरता. जुन्या खिडक्यांचे पोपडे त्याच्या कक्षेत येत नाहीत. रांगत्या मुलाच्या हातांना तीच धूळ लागते, हात तोंडात जातात, आणि शिसे मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. म्हणून आपल्या पाळणाघरास रंग देऊ करणाऱ्या दात्यांना आमची विनंती आहे की, प्रथम जुना थर, मुले नसताना, ओला करून खरवडण्याचा खर्च उचलावा. त्या कामावर नामफलक लावता येणार नाही, हे आम्ही जाणतो.