बिल्ला शिवण्यापूर्वी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्राथमिक शाळेच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. अशा शुभप्रसंगी शाळेतील कब व बुलबुल यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजते. पण ज्यांनी मला बोलावले त्यांच्याकडेच मला आज एक तक्रारवजा विनंती करावयाची आहे. महोत्सवाच्या दिवशी पथकातील प्रत्येक मुलाच्या गणवेशावर नवा बिल्ला दिसावा, असे गेल्या सभेत ठरले. त्यामागचा हेतू प्रेमाचा आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु तारीख आधी ठरवायची आणि शिक्षण तिच्या मागून पळवायचे, ही रीत मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठीच मी उभी आहे.

प्रथम ही पथके म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांना कब म्हणतात व त्याच वयाच्या मुलींना बुलबुल. सहा-सहा मुलांचे एक षटक, अशी जास्तीत जास्त चार षटके, म्हणजे 24 मुले. कबची पायरी प्रवेशापासून सुरू होते. मग प्रथम, द्वितीय असे चरण येतात. बुलबुलांच्या पायऱ्यांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख व हीरक पंख अशी गोड नावे आहेत. कबच्या प्रमुखाला मुले ‘अकेला’ म्हणतात. हे नाव किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील लांडग्यांच्या नायकाचे, आणि ती कथा घडते आपल्या मध्य प्रदेशातील शिवनीच्या रानात. चोवीस मुलांच्या गराड्यात उभे राहून ‘अकेला’ म्हणवून घेताना मला अजूनही हसू येते.

या चळवळीचा आरंभ 1907 साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर झाला. बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यांत बड्या घरचीही होती आणि कामकऱ्यांचीही. पुढे धाकटे भाऊ ‘आम्हालाही घ्या’ म्हणून हट्ट धरू लागले, तेव्हा 1916 साली त्यांच्यासाठी कबची रीतसर योजना निघाली. हिंदुस्थानात स्काउटिंग 1909 साली बंगळुरास आले. पण आरंभी ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. आपल्या मुलांना हा बिल्ला मिळावा म्हणून ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांसारख्यांना स्वतंत्र संघटना उभ्या कराव्या लागल्या. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली. ज्या बिल्ल्यासाठी वडीलधाऱ्यांनी एवढे कष्ट घेतले, तो आज आपण पेढ्यासारखा वाटावा काय?

आता माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होते. मेळावा दोन दिवसांवर आला होता आणि मुलांची प्रगतिपत्रके अर्धवट होती. एका संध्याकाळी बसून मी चोवीसही पत्रकांवर सह्या केल्या. गाठी, दिशा, प्रथमोपचार, सर्व ‘पूर्ण’. मेळाव्यात टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पुढच्या महिन्यात आम्ही मुलांना बेळगावचा किल्ला दाखवण्यास नेले. कमल बस्ती पाहून सफा मशिदीकडे जाताना उन्हाने एका मुलाचा घोळणा फुटला. भोवती तेवीस बिल्लेवाले. एकाने त्याचे डोके मागे वाकवले, दुसरा पाणी घेऊन डोक्यावर ओतू लागला, एक रडू लागला. मी धावत जाऊन त्याला बसते केले, मान पुढे झुकवली आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला. थोड्या वेळाने रक्त थांबले. परत येताना षटकाचा नायक माझा हात धरून म्हणाला, “बाई, मला बिल्ला आहे की! मग मला का येईना?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चूक मुलाची नव्हती, सहीची होती. दुसऱ्या दिवशी मी मुलांना गोळा केले, खरे काय ते सांगितले आणि बिल्ले कपाटात ठेवले. दोन मातांनी मला बरेच ऐकवले. त्यांचाही राग मी समजू शकते. पण पुढच्या चार महिन्यांत त्या मुलांनी एकेक करून आपापला बिल्ला कपाटातून सोडवला. शेवटचा बिल्ला त्या षटकनायकाचा होता. त्याला गाठ काही केल्या जमत नव्हती. जमली त्या दिवशी त्याने ती सोडली नाही, दोरी तशीच खिशात घालून घरी नेली.

एवढ्याशा मुलाने शिकावे तरी काय, असे कोणी विचारील. सर्वांत सोपी ती सपाट गाठ. दोन सारख्या जाडीची टोके घ्यावीत, उजवे डाव्यावरून, मग डावे उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवेच वरून नेले तर वेडी गाठ होते आणि ओढ बसताच सरकते. दोऱ्या कमी-जास्त जाडीच्या असल्या, तर विणकराची गाठ. ही शिकवताना मला वडगावच्या एका मुलाने चकित केले. त्याच्या घरी माग आहेत. तो म्हणाला, “ही तर आमच्या आजोबांची गाठ!” मागावर तुटलेला धागा जोडतात ती हीच. त्या दिवशी त्याचे आजोबा आमचे गुरू झाले.

मग किमचा खेळ. एका ताटात वीस-बावीस वस्तू मांडाव्यात. किल्ली, बटण, चिंचोका, खडू, सुई. एक मिनिट पाहू द्यावे, वर फडके टाकावे आणि आठवतील तेवढ्या सांगावयास लावावे. आरंभी मुले सात-आठवर थांबतात. महिन्याभरात पंधराच्या पुढे जातात. या खेळाला एक पैसाही लागत नाही आणि डोळ्याला पाहण्याची सवय लागते.

प्रथमोपचारात तीनच गोष्टी पक्क्या कराव्यात. घोळणा फुटला तर बसून मान पुढे, नाक चिमटीत सलग दहा मिनिटे, श्वास तोंडाने. कांदा हुंगवणे नको आणि डोके मागे नको. भाजले तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे; टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. खरचटले तर पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावे. त्यापुढचे काम मोठ्यांचे. आणि मोठ्यांना कसे बोलवावे हेही शिकवावे. संकटात 112, रुग्णवाहिकेला 108, मुलांच्या मदतीला 1098. आजकाल सर्व नंबर फोनमध्ये असल्याने आईचा नंबर तोंडपाठ असलेले मूल विरळाच. आमच्या पॅकमध्ये आई-वडिलांचा नंबर आणि घरचा पत्ता न अडखळता सांगितल्याखेरीज पुढची पायरी नाही. तिलकवाडीच्या रेल्वे गेटाजवळ हरवलेल्या मुलाला कविता येऊन काय उपयोग?

आणि रोज एक सत्कृत्य. सकाळी गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारायची, काम झाले की सोडायची. एकदा एका मुलाची गाठ तीन दिवस तशीच. विचारले तर म्हणाला, “बाई, आजीला रस्ता ओलांडून द्यायचा होता, पण आजी घरातनं बाहेरच पडेना!” मी म्हटले, “मग घरातच पाणी दे की!” सत्कृत्य दूर शोधावे लागत नाही, हे त्याला त्या दिवशी कळले.

कबच्या वचनात ईश्वराविषयीचे कर्तव्य येते. माझ्या घरी दखनी बोलतात, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. माझ्या पॅकमध्ये सर्व धर्मांची मुले आहेत. प्रत्येक जण आपल्या घरच्या श्रद्धेने ते वचन घेतो आणि मग सारे एकाच वर्तुळात उभे राहतात. त्यावर मला कधी भाषण करावे लागले नाही.

आता पालकांना एक सांगणे. बी पेरून रोप वाढवण्याच्या कामात एका मुलाने फार सुंदर, भरघोस कुंडी आणली. मी कौतुक करू लागले तर तो खाली पाहून म्हणाला, “अकेला, माझी मेथी मेली. ही आईने विकत आणली.” मी त्याला दुसऱ्यांदा पेरायला लावले, आणि खरे बोलल्याबद्दल सर्वांसमोर शाबासकी दिली. त्या माउलीला मी दोष देत नाही. मूल मागे पडू नये, हीच तिची चिंता. पण मेलेल्या मेथीने त्या मुलाला शिकवले असते ते विकतच्या रोपाने हिरावून घेतले. बटण वाकडे लागले तर लागू द्या. गाठ दहादा सुटली तर सुटू द्या. तुमचे हात फार कुशल आहेत, म्हणूनच ते थोडा वेळ पाठीमागे बांधून ठेवा.

विश्वस्त मंडळींकडे माझी विनंती एवढीच. आम्हाला आठवड्यातून शनिवारचा एक तास द्या, दोऱ्यांचा एक गठ्ठा द्या, आणि बिल्ल्याची तारीख मागू नका. महोत्सवाच्या दिवशी कदाचित पाचच मुलांच्या गणवेशावर नवा बिल्ला असेल. व्यासपीठ थोडे रिकामे दिसेल. पण त्या पाचांपैकी कोणालाही बोलावून हातात दोरी द्या, तो गाठ बांधून दाखवील. उरलेली मुले पुढच्या वर्षी येतील. ट्रस्टचे एक्कावन्नावे वर्षही शुभच आहे.

माझे बोलणे कोणास परखड वाटले असेल, तर ते मुलांच्या मायेपोटी आहे असे समजून क्षमा करावी.