जागा कुणाची, नाव कशाचं?

(घाटघर, ता. जुन्नर, जि. पुणे येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय शेडचा आहे. पावसाळ्यात इथं कुणाच्याच घरात कोरडा कोपरा उरत नाही. म्हणून एकत्र बसून काम करायला पक्की जागा बांधावी, शेजारच्या वाड्यांतल्या बायकांनाही ती भाड्यानं द्यावी, आणि तिथं तयार होणाऱ्या मालाला एक नाव असावं, असा विचार तुम्ही मांडलात. पण चर्चा सुरू झाली ती लेबलच्या रंगापासून. मला वाटतं, आपण दोरी उलट्या टोकाला धरली.

शहरात अशा जागांचा मोठा धंदा झाला आहे. त्याला 'को-वर्किंग' म्हणतात. पुण्यात बाणेर-खराडीकडे महिन्याच्या भाड्यानं टेबल-खुर्ची मिळते, इंटरनेट मिळतं, कॉफी मिळते. माल सगळीकडे सारखाच. मग आपली जागा शेजारच्यापेक्षा निराळी कशी वाटावी, यासाठी मालकांची धडपड चालते. गंमत म्हणजे या प्रकाराची सुरुवात २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाली, तीही एका स्त्रीवादी गटाच्या घरात. ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या तरुणानं ती जागा आठवड्यातून दोन दिवस भाड्यानं घेतली होती. पहिला महिनाभर कुणी फिरकलंच नाही!

पुढं २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये 'द विंग' नावाची, खास स्त्रियांसाठीची अशी जागा निघाली. तिचं वेगळेपण हेच, की इथं स्त्रीवाद आहे. मोठं भांडवल आलं, शाखा निघाल्या. पण २०२० साली तिथं काम करणाऱ्या बायका जाहीरपणे बोलू लागल्या. वाढणाऱ्या, आवरणाऱ्या, दारावर उभ्या राहणाऱ्या, त्यात विशेषतः काळ्या आणि इतर वर्णांच्या स्त्रिया सांगत होत्या, की भिंतीवरच्या घोषणा सभासद बायकांसाठी आहेत, आमच्यासाठी नाहीत. त्याच वर्षी संस्थापक ऑड्री गेलमन यांना प्रमुखपद सोडावं लागलं, आणि २०२२ साली ती जागा कायमची बंद झाली. कोरोनाचा फटका होताच. पण ज्या शब्दावर नाव कमावलं तोच शब्द घरातल्याच बायकांनी खोटा ठरवल्यावर दुसरं काय उरतं?

आता आपल्याकडचं पाहा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यांची कामाची जागा म्हणजे ती गच्ची. पावसाळा आला आणि पापड वाळेनात, तेव्हा चार महिने काम थांबलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. (घाटघरच्या पावसाला एक खाट पुरायची नाही, हे मलाही कळतं.) बायका वाढत गेल्या, शेकड्यांवर गेल्या, तशी गच्ची अपुरी पडली. मग पीठ एका ठिकाणी मळायचं आणि प्रत्येकीनं लाटायला घरी न्यायचं, अशी पद्धत पडली. जिच्या घरात लाटायला पुरेशी स्वच्छ जागा नाही तिला दार बंद नाही. ती पीठ मळते, पाकिटं भरते.

हीच 'लिज्जत'. पण हे नाव आलं १९६२ साली, म्हणजे काम सुरू झाल्यावर तीन वर्षांनी. त्यासाठी बक्षीस लावलं होतं, पाच रुपयांचं. त्याआधी काय ठरलं होतं? सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करून हलका माल स्वस्तात विकावा, असा विचार होता. छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. आणि जी लाटते ती मजूर नव्हे, मालकीण, हा नियम. नफा-तोटा सगळ्यांचा. बाजारात पापड खंडीभर होते. हा पापड वेगळा ठरला तो या नियमांमुळं. सातजणींपैकी एक, जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

कायदासुद्धा हेच विचारतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात गटाला सामूहिक चिन्ह नोंदवता येतं. पण अर्जासोबत नियमावली द्यावी लागते: नाव कोण वापरणार, सभासद कोण होऊ शकते, गैरवापर केला तर काय. म्हणजे नियम नसतील तर चिन्हाची नोंदणीच पुढं सरकत नाही.

आणि नुसत्या 'घाटघर' शब्दावर विसंबू नका. हिरडा, तांदूळ, पावसाळी रविवारी नाणेघाट-जीवधनला येणारी गर्दी, हे तुमचं खरं. पण घाटघर म्हटलं की निम्मे लोक विचारतात, भंडारदऱ्याजवळचं, वीज प्रकल्पाचं का? ते अकोले तालुक्यातलं. नाव दोन गावांना असू शकतं. तुमच्या शेडचे नियम मात्र तुमचेच असतील.

म्हणून रंगाआधी हे बोला. झाडू कोण मारणार? पाळीपाळीनं, की ठरावीक दोघीच, ज्या कोण असतील ते आपल्या सगळ्यांना आत्ताच माहीत आहे? भाडं आगाऊ घेणार, की माल विकल्यावर? आगाऊ घेतलंत तर रोजानं जाणारी बाई आत येणारच नाही. तान्हं मूल घेऊन आलेलीला जागा आहे का? टाकलेली, विधवा, गटाचा हप्ता थकलेली, यांचं काय? हिशोबाची वही कुणाकडे, आणि ती वाचून कोण दाखवणार?

सगळ्यात आधी जमीन. शेडसाठी दाखवलेला तुकडा कुणाच्या तरी सासऱ्याच्या नावावर आहे, असं मघाशी कानावर आलं. 'ते नाही म्हणायचे नाहीत' हे तोंडी झालं. शेड चालू लागली, चार पैसे दिसू लागले, की मग काय होतं हे तुमच्यातल्या थोरल्यांना मी सांगायला नको. तेव्हा उद्या तलाठ्याकडून सातबारा काढा. जागा खाजगी असेल तर गटाच्या नावानं लेखी, नोंदवलेला भाडेकरार करून घ्या. तो होत नसेल तर ग्रामसभेत गावच्या जागेची मागणी करा, आणि मागणी करायला दोघीतिघी नव्हे, सगळ्या जा.