‘थांबा’ म्हणायची मुभा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एका सर्जनबद्दल मी का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी मध्यरात्री आम्ही सर्व्हरवर नवीन व्हर्जन टाकलं आणि सेवा चार तास बंद पडली. सकाळी टीममधली सगळ्यात ज्युनिअर मुलगी म्हणाली, "सर, एक सेटिंग राहिलंय हे मला दिसलं होतं. पण तुम्ही सगळे सीनिअर होतात..." ती बोलली नाही, हा दोष तिचा नव्हता. टीम मी चालवत होतो.

त्यानंतर मी डॉ. अतुल गावंडे वाचले. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून अमेरिकेत गेलेले, तेही सर्जन. अतुल 1992 साली वैद्यकीय शिक्षण मध्येच थांबवून बिल क्लिंटन यांच्या प्रचारात आरोग्य धोरणाचं काम करायला गेले. परत येऊन बॉस्टनमध्ये सर्जन झाले.

पुढं त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसोबत ऑपरेशनसाठी 19 मुद्द्यांची एक यादी तयार केली. पेशंट तोच ना? अँटिबायोटिक दिलं का? चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. कारण साधं आहे, एकदा नाव सांगितलेली नर्स पुढं ‘थांबा’ म्हणू शकते. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं.

पण पुढची गोष्टही ऐका. बाळंतपणासाठी अशीच यादी उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य केंद्रांशी संबंधित अभ्यासात तपासली गेली. कामाची पद्धत सुधारली, पण आई आणि बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. गावंडे आणि सहकाऱ्यांनी हा निकाल 2017 साली जसाच्या तसा छापला. नुसती यादी पुरत नाही. माणसं, औषधं, मोठ्या रुग्णालयापर्यंतची सोय लागते, आणि ती देणं हे राजकारणाचं काम आहे.

2022 साली ते ‘यूएसएड’मध्ये जागतिक आरोग्याचे प्रमुख झाले. 2025च्या जानेवारीत ते बाहेर पडले आणि त्याच वर्षी नव्या सरकारनं ती संस्थाच मोडीत काढली. एका सहीनं किती काम थांबतं, हेही आपण पाहिलं.

आपल्या घरांत म्हणतात, "शिक, नोकरी कर, राजकारणात पडू नको." मलाही हेच सांगितलं होतं. पण आपल्या वस्तीतल्या दवाखान्यात डॉक्टर असेल की नाही, हे ऑपरेशन थिएटरमध्ये ठरत नाही. ते महापालिकेच्या बजेटमध्ये ठरतं. तुमचं काम उत्तम शिका, आणि त्या बजेटच्या सभेतही जाऊन बसा.

आमच्या टीममध्ये आता यादी ज्युनिअरच वाचतो. तो ‘थांबा’ म्हणाला की मीही थांबतो.