लसीतली तुरटी



बुलढाणा जिल्ह्यात लसीकरणासाठी घरोघर फिरताना एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "यात काय मिसळलंय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते.

बऱ्याच लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. पाणी निवळायला आपण तुरटी फिरवतो, तिच्याच कुळातले. १९२६ साली ग्लेनी या इंग्रज शास्त्रज्ञाने घटसर्पाच्या लसीत तुरटी मिसळून पाहिली आणि लसीचा परिणाम वाढला. अशा पदार्थाला सहायक द्रव्य म्हणतात.

आता जंतांचं बघा. हुकवर्म अनवाणी पायांतून शिरतो, आतड्यात रक्त पितो आणि आपली प्रतिकारशक्ती थोपवून वर्षानुवर्षं राहतो. गोळीने तो मरतो, पण लागण पुन्हा होते. म्हणून लस हवी. एका प्रायोगिक लसीत, प्यालेलं रक्त पचवताना त्याला लागणारं प्रथिन वापरलं आहे. नुसतं प्रथिन शरीर फारसं मनावर घेत नाही, म्हणून सोबत ॲल्युमिनियमचा क्षार दिला. काही चाचण्यांत जीएलए हे आणखी एक सहायक द्रव्यही दिलं. ब्राझील, गॅबॉनमध्ये चाचण्या झाल्या. पण माणसांसाठी जंतांवरची लस अजून बाजारात नाही.

तोवर शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी, पायात चप्पल आणि शौचालय, हाच उपाय.

उद्या लस आली आणि मोहल्ल्यात अफवा उठली, तर अम्मीला, खालाला हे तुम्हीच समजावून सांगायचं आहे. विचारणं आपला हक्क आहे. उत्तर नीट ऐकून घेणं ही जबाबदारी.