आरोग्याचा सल्ला आणि बोलकें यंत्र

घरांत दुखणें आलें कीं सल्ला देणाऱ्यांस तोटा नसतो. शेजारी, पाहुणे, वाण्याच्या दुकानांत टेकलेला एखादा गृहस्थ, प्रत्येकापाशीं एक तरी रामबाण उपाय असतोच. अलीकडे या मंडळींत एका नव्या सल्लागाराची भर पडली आहे. तो मनुष्य नव्हे, यंत्र आहे. मोबाईलवर प्रश्न लिहावा अथवा बोलावा, आणि क्षणार्धांत शुद्ध भाषेंत उत्तर यावें, असें हें यंत्र. यास चॅटबॉट म्हणतात. दुखण्याच्या प्रसंगीं त्यावर कितपत विसंबावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

यंत्राशीं संभाषण ही कल्पना अगदीं नवी नाहीं. 1966 सालीं अमेरिकेंत जोसेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञानें ‘एलायझा’ नांवाची संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. ती मनोविकारतज्ज्ञासारखे प्रश्न विचारी. वस्तुतः समोरच्याच्या शब्दांची उलटापालट करण्यापलीकडे तिला कांहीं येत नसे. तरीही माणसें तिच्यापाशीं मन मोकळें करूं लागलीं, आणि हें पाहून तिचा निर्माताच चिंतेंत पडला. गोड बोलणाऱ्यास जाणता समजण्याची मनुष्याची खोड जुनीच आहे.

पुढें मार्च 2020 मध्यें, करोनाच्या सांथींत, जागतिक आरोग्य संघटनेनें व्हॉट्सॲपवर माहिती देण्याची सोय केली. तेथील उत्तरें तज्ज्ञांनीं आधींच लिहून ठेविलेलीं होतीं. यंत्राचें काम टपालवाल्याचें. एप्रिल 2024 मध्यें त्याच संघटनेनें ‘सारा’ नांवाची बोलकी सहाय्यिका आठ भाषांत पुढें आणली. ती मात्र वाक्यें स्वतः जुळवीत असे. तिचें उत्तर नेहमींच अचूक असेल असें नाहीं, ही सूचनाही संघटनेनेंच दिली होती.

या दोहोंतला भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. एक पुराणिक पोथी समोर ठेवून अर्थ सांगतो. दुसरा पोथी न उघडतां, पूर्वीं कानावर पडलेल्या आधारें, ओघ न तोडतां बोलत जातो. दुसऱ्याचें वक्तृत्व अधिक रसाळ वाटेल. पण एखादा श्लोक विसरला तर तो तेथें थांबत नाहीं, मनचें कांहीं घालून पुढें जातो. नवीं यंत्रें अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द येणें संभवनीय आहे, याच्या अनुमानावर वाक्यें रचतात. म्हणून चुकीचें उत्तरही तीं त्याच आत्मविश्वासानें देतात. यंत्रापुढें तपासलेली पोथी ठेवावी आणि तिच्यांतूनच बोलण्याचें बंधन त्यास घालावें, हा यावरचा मुख्य उपाय होय. त्यानें चुका कमी होतात. अजीबात नाहींशा होत नाहींत.

विश्वसनीय ज्ञान कसें सिद्ध होतें, याचें एक उदाहरण पाहा. 1971 सालीं बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळीं पश्चिम बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली. शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लूकोज पाण्यांत मिसळून रोग्यांस पाजविलें. पुष्कळांस तें नातलगांनींच पाजलें. मृत्यूचें प्रमाण सुमारें 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खालीं आलें. तें ज्ञान आज घरोघर पोहोंचण्याजोगें सोपें झालें आहे: तयार पुडी न मिळाल्यास 1 लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आतां रात्रीच्या वेळीं जुलाबानें गळून गेलेल्या तान्ह्या मुलाची आई हाच प्रश्न यंत्रास विचारते, असें समजा. उत्तर बरोबर आलें, तर त्या घरावर उपकार झाले. पण यंत्रानें साखर व मीठ यांच्या मापांची अदलाबदल केली तर? मिठाच्या अतिरेकानें त्या मुलाच्या जिवावरच बेतेल. एका अंकाची चूक गणिताच्या वहींत एका गुणाची असते. येथें तिचें मोल निराळें आहे.

यास्तव तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, यंत्र कोणाच्या आधारानें बोलतें तें विचारावें, आणि तो आधार स्वतः उघडून पाहावा. कारण यंत्र आधाराचें नांवही बनवून सांगूं शकतें. दुसरी, औषधाचें नांव आणि मात्रा वैद्याकडून ताडून घेतल्यावांचून वापरूं नये. तिसरी, मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले, पाणी पिईना, किंवा शौचांत रक्त दिसलें, तर प्रश्नोत्तरांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं 108 हा क्रमांक आहे.

जबाबदारी केवळ विचारणाऱ्याची नाहीं. यंत्रापुढें ठेवावयाची पोथी सोप्या मराठींत लिहिणें, ती वेळोवेळीं सुधारणें, आणि वऱ्हाडी वा मालवणी बोलींत आलेला प्रश्नही त्यास उमजतो कीं नाहीं हें तपासणें, हें जाणत्या वैद्यांचें व शासनाचें काम आहे. गांवची आशाताई दारांत येते, मुलाच्या पोटावरची कातडी चिमटींत धरून पाहते, आणि त्याच्या अंगांतलें पाणी किती आटलें तें ओळखते. तो स्पर्श यंत्रापाशीं नाहीं. तिच्या हातीं तपासलेली माहिती तत्काळ पोहोंचविली, तर या बोलक्या यंत्राचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.