हुद्दा आणि हुन्नर



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुलेमुली आज हिंजवडी-खराडीकडे संगणकाच्या कंपन्यांत नोकरीस आहेत. आठ-दहा वर्षे प्रोग्रॅम लिहून झाल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो: हेच तांत्रिक काम पुढे चालवावे, की प्रोजेक्ट मॅनेजर होऊन इतरांकडून काम करवून घ्यावे? आम्ही पाहतो, की याचा निकाल बहुधा नोकरी करणारा देत नाही. आईबाप आणि व्याही देतात. "हाताखाली माणसे किती?" एवढे विचारले की निकाल लागला!

उत्तम गणित शिकविणाऱ्यास मुख्याध्यापक केले, म्हणजे त्याच्या हातचा खडू सुटतो आणि कागदपत्रे येतात, हे आम्ही शाळेत जन्मभर पाहिले. मुख्याध्यापकाचे काम हलके मुळीच नव्हे. परंतु ते निराळे आहे. मॅनेजरचेही तसेच. मुदत बांधणे, गिऱ्हाइकाच्या रोज बदलणाऱ्या मागण्यांस आवर घालणे, रुसलेल्या दोघांस एकत्र बसविणे, यांस वेगळाच पिंड लागतो. ज्याचा तो पिंड आहे त्याने खुशाल त्या वाटेने जावे.

फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीच्या कामाची धुरा वाहिली होती. १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात त्यांनी लिहिले, की रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच रखडते. नव्यांस शिकविण्यात जुन्यांचा वेळ मोडतो, शिवाय परस्परांशी बोलणे वाढते. हिशेब साधा आहे: ५ माणसांत जोड्या १०, १० माणसांत ४५! माणसांच्या गणतीवरून कर्तबगारी मोजणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तांत्रिक वाटेवर मान नाही, हेही खरे नव्हे. थोर तंत्रज्ञांसाठी आयबीएमने १९६२ साली ‘फेलो’ ही योजना काढली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केले आणि १४ वर्षांनी, २००५ साली, गिट लिहावयास पुन्हा स्वतःच बसले. अर्थात अशा जागा थोड्या, आणि त्या वाटेने जाणाऱ्यास पन्नाशीतही विद्यार्थी राहावे लागते; हा जाच सर्वांस मानवत नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याने केवळ सोयरिकीसाठी मॅनेजरकी पत्करली. चार वर्षांनी परत फिरू पाहतो, तो मुलाखतीत विचारलेली साधने त्याच्यामागे निघालेली! हात मोडला की पुन्हा बसावयास वेळ लागतो, आणि तोवर घराचे हप्ते थांबत नाहीत.

म्हणून मंडळाच्या चालकांस आमची एक सूचना आहे. वधूवर-सूचीच्या अर्जात ‘हुद्दा’ आणि ‘पगार’ हे रकाने आहेतच; त्यांच्या शेजारी ‘प्रत्यक्ष काम कोणते व ते आवडते काय’ असा एक रकाना घालावा. अर्ज छापावयास जाण्यापूर्वी एवढी एक ओळ वाढविण्यास फारसा खर्च येणार नाही.